पर्यावरण कर, घरमालक आणि सोळा अंशांचं घर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: इंदूरच्या मराठी घरातली ३१ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जर्मनीला गेली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस दोघं एका जुन्या इमारतीत, ६२ चौरस मीटरच्या भाड्याच्या घरात राहायला आली. घरात गॅसवर चालणारा स्वतंत्र बॉयलर आहे, स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होतो आणि गॅस-वीज दोन्ही त्यांच्याच नावावर आहेत. २०२५ चं बिल यंदाच्या जानेवारीत आलं: १२,००० युनिट (किलोवॉट-तास) गॅस, २,२०० युनिट वीज, मिळून २,६०४ युरो. दरमहा १३० युरो आगाऊ जात होते. ते वजा करून १,०४४ युरो एकदम मागितले आहेत आणि पुढचा मासिक हप्ता २१७ युरो केला आहे. बिलावर कार्बन आणि वीजकराच्या ओळी पाहून नवरा भडकला. ‘निम्मं बिल यांच्या पर्यावरणाचं आहे,’ असं म्हणून त्याने घराचं तापमान १६ अंशांवर आणलं. इंदूरला बायपासजवळ घेतलेल्या फ्लॅटचा हप्ताही त्याच्याच पगारातून जातो. तो दिवसभर ऑफिसात असतो. ही घरी बसून जर्मन शिकते, नोकरी शोधते आणि थंडी असह्य झाली की त्याच्या नकळत दोन हजार वॉटचा छोटा हीटर लावते. बाबा सप्टेंबरअखेर बँकेतून निवृत्त होत आहेत. आई-बाबांनी नोव्हेंबरात दोन महिन्यांसाठी यायचं ठरवलं होतं. नवरा म्हणतो, ‘२०२७ च्या उन्हाळ्यात येऊ देत, हीटिंग परवडणार नाही.’ इकडून आई म्हणते, ‘आमचं बिल तर शंभर रुपये येतं!’ तिचे प्रश्न तीन. या करांतून सुटका कशी? भारतातून आलेल्यांनी त्यांच्या पर्यावरणाचा भुर्दंड का भरायचा? आणि आई-बाबांना ‘येऊ नका’ कसं सांगायचं?

आधी तो छोटा हीटर बंद कर. बाकीचं नंतर बोलू.

तुमच्या बिलाप्रमाणे गॅसचं एक युनिट १४ सेंटांना पडतंय आणि विजेचं ४२ सेंटांना. एका युनिटातून खोलीला मिळणारी ऊब दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे नवऱ्याने स्वस्त ऊब बंद केली आणि तू तिप्पट भावाची ऊब लपूनछपून विकत घेते आहेस. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिटं खातो, म्हणजे ८४ सेंट. रोजचे सहा तास धरले तर पाच युरो, महिन्याचे दीडशे. पुढच्या जानेवारीत हा आकडा विजेच्या बिलात उमटणारच आहे आणि तेव्हा भांडण कराचं राहणार नाही. आजच रात्री जेवताना त्याला सांग आणि सांगताना हेच दोन दर कागदावर लिहून पुढे ठेव. हिशेबी माणूस दिसतो. हिशेब त्याला कळेल.

आणि हो, तापमान ठरवणारा माणूस दिवसभर गरम ऑफिसात बसतो आणि त्या तापमानात राहणारी तू. पत्रात हे तू अगदी सहज, जाता जाता लिहिलं आहेस. मला ते सगळ्यात जास्त खुपलं.

आता ‘निम्मं बिल पर्यावरणाचं’ या वाक्याकडे येऊ. तू बिलाचे आकडे पाठवलेस हे फार बरं केलंस, नाहीतर आपण हवेत बोलत बसलो असतो. जर्मनीने २०२१ पासून घरगुती गॅस, तेल आणि पेट्रोल-डिझेलवर कार्बनची किंमत लावली. सुरुवात कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५ युरोंपासून झाली, २०२४ मध्ये ४५ आणि २०२५ मध्ये ५५ युरो झाले. २०२६ साठी ५५ ते ६५ असा पट्टा आहे. तुमच्या १२,००० युनिट गॅसमधून साधारण २.१८ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचे १२० युरो, त्यावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे १४२. वीजकर युनिटमागे २.०५ सेंट आहे आणि २००३ पासून घरांसाठी तो तसाच आहे. तुमच्या वापरावर व्हॅटसकट ५४ युरो. विजेवर आणखी तीन बारीक आकार असतात: एक वीज आणि उष्णता एकत्र बनवणाऱ्या केंद्रांसाठी, एक समुद्रातल्या पवनचक्क्या जोडण्यासाठी आणि एक वीजजाळ्याच्या खर्चाच्या वाटणीचा. तिसऱ्याचा पर्यावरणाशी संबंध ओढूनताणून लावावा लागतो, पण धरू. तिन्ही मिळून २०२५ मध्ये २.६५ सेंट, म्हणजे तुमचे ६९ युरो.

झाली बेरीज. २६५ युरो. २,६०४ मधले दहा टक्के, निम्मे नव्हेत.

नवऱ्याचं ‘निम्मं’ कुठून आलं असेल याचा अंदाज मला आहे. जर्मनीत अक्षय ऊर्जेसाठी विजेवर एक मोठा अधिभार होता, २०२१ मध्ये युनिटमागे साडेसहा सेंट. तो १ जुलै २०२२ पासून शून्य झाला आणि तो खर्च आता सरकारी तिजोरीतून होतो. तुम्ही तिथे पाऊल ठेवण्याच्या अडीच वर्षं आधी सगळ्यात जड पर्यावरण आकार बिलावरून उतरला होता. पण परदेशातल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनी माहिती कधी निवृत्त होत नाही.

त्या २.०५ सेंटांची गोष्टही त्याला सांग. हा वीजकर १९९९ मध्ये आला, तेव्हाच ठरलं होतं की या करांच्या उत्पन्नातला मोठा भाग निवृत्तिवेतनाच्या विम्यात घालायचा, म्हणजे पगारातून होणारी कपात वाढणार नाही. त्याच्या पगारपत्रकात या विम्याचे ९.३ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते, ती ओळ त्याने पाहिली असेल. विजेच्या बिलातून गेलेला पैसा काही अंशी त्या ओळीला हात देतो.

आईच्या शंभर रुपयांचं काय? काकूंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की शंभर रुपये ही विजेची किंमत नाही. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये पडतात आणि उरलेली किंमत राज्य सरकार भरतं. म्हणजे आपल्याच करातून. तुझ्या बिलात कर वर चढवलेला आहे, आईच्या बिलात तो खालून आधार देतो आहे. या दोन बिलांची तुलना करून तुम्ही दोघं जे काही ठरवाल ते चुकीच्याच पायावर उभं राहील.

बरं, भारतात पर्यावरणाचा कर नव्हता असंही नाही. खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी वीज केंद्रात जळतो त्या कोळशावर केंद्र सरकारने २०१० मध्ये टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्याचं नाव बदललं, रक्कम तीच राहिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. एक युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास हा उपकर आपण सगळेच इतकी वर्षं देत होतो. बिलावर ती ओळ नव्हती म्हणून कोणी भांडलं नाही. जर्मनांनी ओळ छापली, एवढाच फरक. आपल्याच शहराचं उदाहरण घे. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून इंदूरपर्यंत चढवायला जी प्रचंड वीज लागते, तिच्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी व्याजाने कर्ज घेतलं. ते लोकांनी घेतले. तिथे त्यांना व्याज मिळतं, त्यामुळे ‘पर्यावरणाचा भुर्दंड’ हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही!

मग तुझा दुसरा प्रश्न, आपण का भरायचा. वरवर पाहता त्यात तथ्य आहे. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, जर्मनीतला सात टनांच्या आसपास. आजवर हवेत जमलेल्या धुराचा हिशेब काढला तर तफावत आणखी मोठी. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये भारत हा मुद्दा मांडतो आणि तो मांडायलाच हवा. पण तुमचं बिल पासपोर्ट बघून आलेलं नाही, ते त्या घराचं आहे. एकट्या तुमच्या बॉयलरने वर्षात २.१८ टन सोडले, दोघांत वाटले तरी माणशी एक टनाहून जास्त. तुझे बाबा इंदूरच्या तिलकनगरात वर्षभर वीज, स्कूटर, गॅस सिलिंडर सगळं धरून जेवढं सोडतात, त्याच्या निम्म्याच्या आसपास तू नुसतं घर गरम ठेवून सोडलंस. यात तुझा दोष नाही, थंडी आहे, भिंती जुन्या आहेत. पण तुझा धूर भारतीय आणि शेजारणीचा जर्मन, असं म्हणता येत नाही.

आणि जुन्या भिंतींचा विषय निघाला आहे तर तुझ्या घरमालकाकडे वळू, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

१ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत कायदा आहे की घरातल्या गॅसवरचा कार्बनचा खर्च भाडेकरू आणि घरमालक यांनी वाटून घ्यायचा. कोणाचा वाटा किती हे घरातून किती ऊब गळते यावर ठरतं. दर चौरस मीटरला वर्षाकाठी १२ किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघत असेल तर सगळा खर्च भाडेकरूचा. ५२ किलो किंवा जास्त असेल तर ९५ टक्के घरमालकाचा. मध्ये आठ पायऱ्या आहेत. तुमचे २,१७७ किलो भागिले ६२, म्हणजे ३५ किलो. ही ३२ ते ३७ ची पायरी आणि तिथे निम्मा खर्च घरमालकाचा. १४२ युरोंपैकी ७१ तुमचे परत यायला हवेत. यामागचा विचार मला पटतो: खिडकी बदलणं तुझ्या हातात नाही, त्याच्या हातात आहे, तर त्यालाही थोडी कळ लागू दे.

पण हे पैसे आपोआप येत नाहीत. तुमचा गॅसचा करार स्वतःच्या नावावर आहे, म्हणून मागणी तुम्हालाच करावी लागेल आणि तीही बिल हातात पडल्यापासून १२ महिन्यांच्या आत. बिलावर कार्बनची मात्रा आणि रक्कम गॅस कंपनीने छापलेली असते. त्याची प्रत, घराचं क्षेत्रफळ आणि हा भागाकार जोडून साधी ईमेल पाठवली तरी चालते. इमारत वारसा म्हणून संरक्षित असेल आणि त्यामुळे तिच्यात सुधारणा करता येत नसेल, तर घरमालकाचा वाटा कमी होतो, तेवढं आधी विचारून घे. ‘घरमालक रागावेल’ ही भीती आपल्या लोकांना फार असते. तो कदाचित नाराज होईलही. पण कायद्याने मिळणारी रक्कम सभ्य भाषेत मागितली म्हणून कोणी घराबाहेर काढत नाही आणि तुझ्या जर्मनच्या सरावाला यापेक्षा चांगला निबंध मिळणार नाही. अडलीस तर फरब्राउखरत्सेंट्राले नावाचं ग्राहक सल्ला केंद्र जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असतं. ऊर्जेच्या बिलांवर सल्ला हे त्यांचं रोजचं काम आहे.

ज्यांच्या इमारतीत सगळ्यांची मिळून एकच हीटिंग असते, त्यांना मागणी करावी लागत नाही. घरमालकाने वार्षिक हिशेबातच ही वाटणी दाखवायची असते. दाखवली नसेल तर भाडेकरू आपल्या हीटिंगच्या रकमेतून ३ टक्के कापून घेऊ शकतो.

तरी ७१ युरोंनी तुमचं दुखणं जाणार नाही, हे मलाही दिसतं. मोठा पैसा वेगळ्याच जागी अडकलेला आहे. गॅस १४ सेंट आणि वीज ४२ सेंट हे दर पाहून मला खात्रीच वाटते की तुम्ही ग्रुंडफेअरझोर्गुंगमध्ये आहात. नव्या घरात जाऊन दिवा लावला आणि कुठलाच करार केला नाही, की त्या भागातली ठरलेली कंपनी आपोआप तुमची पुरवठादार होते. ही सोय चांगली, कारण कोणी अंधारात राहत नाही. पण तिचा दर सहसा चढा असतो. नशिबाने यातून बाहेर पडायला दोन आठवड्यांची सूचना पुरते. चेक२४ किंवा व्हेरिव्हॉक्स या दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर पिनकोड आणि वापर टाकून पाहा. गॅस साडेतीन सेंटांनी जरी स्वस्त मिळाला तरी वर्षाचे ४२० युरो वाचतील. वीज दहा सेंटांनी उतरली तर आणखी २२०. म्हणजे ज्या करावरून घरात तोंडं वाकडी झाली तो सगळाच्या सगळा माफ झाला असता तरी २६५ वाचले असते आणि एका संध्याकाळच्या फॉर्मने त्याच्या दुपटीहून जास्त वाचू शकतात. पर्यावरणाच्या नावाची ओळ टोचते, आळसाच्या किमतीची ओळ बिलावर छापलेली नसते.

फॉर्म भरताना दोन गोष्टी बघ. या संकेतस्थळांवर पहिल्या वर्षाचा बोनस धरून कंपन्यांची क्रमवारी लावलेली असते. बोनस धरण्याची खूण काढून टाक, म्हणजे खरा दर दिसेल. आणि ‘किंमत हमी’ लिहिलं असेल तर तिच्यात कर आणि अधिभार धरलेत का ते वाच. बऱ्याचदा धरलेले नसतात. वर्षभराचे पैसे आधी मागणाऱ्या कंपनीपासून चार हात लांब राहा. जुनी कंपनी सोडायचं काम नवीच करते, तार आणि पाइप तेच राहतात, मध्ये एक मिनिटही गॅस जात नाही.

हे करण्यापूर्वी बिलावरचा मीटरचा आकडा तुमच्या मीटरशी ताडून बघ. आकडा प्रत्यक्ष वाचलेला आहे की अंदाजाने टाकलेला, ते बिलात लिहिलेलं असतं. घराची किल्ली घेताना काढलेला मीटरचा फोटो असेल तर तोही काढ, नाहीतर आधीच्या भाडेकरूचा गॅस तुमच्या माथी बसलेला असू शकतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: किल्ली हातात पडली की गणपतीला नमस्कार करून आधी मीटरचा फोटो काढा.

ते १,०४४ युरो दंड नव्हे. आगाऊ हप्ता मुळातच कमी ठरला होता. १३० ऐवजी २१७ असता तर जानेवारीत काहीच मागितलं नसतं. कंपनीला लिहून तीन-चार हप्ते पाडून मागा. वेळेत विचारलं तर सहसा मिळतात. गप्प बसून तारीख चुकवली तर मात्र वसुलीचा खर्च वर चढतो.

आता नवऱ्याची बाजू. तो साफ चूक आहे असं मी म्हणणार नाही. एक अंश कमी केला की हीटिंगचा खर्च साधारण ६ टक्क्यांनी उतरतो, चार अंशांत वर्षाला तीनशे युरो वाचू शकतात. पण १६ अंशांच्या घरात भिंती गार पडतात, त्यावर भाताच्या कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची ओल बसते आणि बुरशी येते. जर्मनीत बुरशीवरून घरमालक-भाडेकरू थेट कोर्टात जातात, तिथे पुरेसं तापवलं होतं का हा पहिला प्रश्न असतो. तू दिवसा बसतेस ती खोली २० वर, झोपायची १७-१८ वर, मधलं दार बंद. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवायची नाही. दिवसातून तीन-चार वेळा सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, आणि पुन्हा बंद. शॉवर मिनिटाला दहा लिटरच्या आसपास गरम पाणी ओततो. त्यापेक्षा आपली इंदूरची बादली-मग्ग्याची आंघोळ बॉयलरला स्वस्त पडते, यात लाजण्यासारखं काही नाही.

तो सगळं रुपयांत मोजतो असं तू लिहिलंस. १,०४४ युरो म्हणजे लाखावर रुपये, आणि आकडा ऐकला की छातीत धस्स होतंच. युरोत कमावलेले पैसे युरोत खर्च होत असतील तर ते रुपयांत मोजून फक्त भीती वाढते. २१७ युरो त्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या किती टक्के, हा प्रश्न उपयोगाचा. रुपयांत मोजायची गोष्ट एकच, बायपासच्या फ्लॅटचा हप्ता. मला शंका आहे की खरा ताण त्या हप्त्याचा आहे आणि तो बिचाऱ्या थर्मोस्टॅटवर निघतो आहे. पत्रात पगाराचा आकडा नाही. तुला तो ठाऊक आहे ना? नसेल तर आधी तो विचार. पगार, भाडं, हप्ता, बिलं एका कागदावर दोघांनी बसून लिहा. तू आज कमवत नाहीस म्हणून घर किती गरम ठेवायचं यात तुझं मत अर्धं होत नाही.

जर्मनीखेरीज इतरत्र गेलेल्यांसाठी थोडं. नेदरलँड्समध्ये ऊर्जाकर खरोखर जड आहे, पण प्रत्येक घराच्या वीजजोडणीमागे ठरावीक रक्कम परत वळते केली जाते, २०२५ मध्ये व्हॅटसकट ६३५ युरो. बिलावर ती वजावट दिसते का बघा. ब्रिटनमध्ये घरगुती ऊर्जेवर व्हॅट ५ टक्केच आहे आणि जानेवारी २०१९ पासून दरांवर नियामकाची कमाल मर्यादा आहे. तिथे हरित आकार दरातच मुरलेले असतात, त्यामुळे रोजचा स्थिर आकार आणि मीटरचं वाचन यांवर लक्ष ठेवावं. कॅनडात ग्राहकांवरचा केंद्राचा कार्बन आकार १ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे. कोणी अजून त्याच्या नावाने पैसे मागत असेल तर बिल नीट वाचा.

राहिले आई-बाबा. हीटिंग माणसं मोजत नाही, खोल्या मोजते. तुम्ही ज्या खोलीत बसता ती आधीच गरम असणार. दोन माणसं वाढली तर एखादी जास्तीची खोली तापेल आणि आंघोळीचं पाणी वाढेल. माझ्या अंदाजाने आजच्या चढ्या दरानेसुद्धा दोन महिन्यांचे शंभर युरोंच्या आत-बाहेर. विमानाच्या दोन तिकिटांपुढे हा आकडा किस झाडकी पत्ती! तेव्हा ‘हीटिंग परवडत नाही’ हे कारण त्यांना सांगू नकोस. एक तर ते खरं नाही आणि दुसरं, बाबा ते ऐकून कायमचं यायचं टाळतील. आपल्याकडचे वडील असेच असतात.

हिवाळा टाळायला एक रास्त कारण मात्र आहे: अंधार. डिसेंबरात तिथे चार-साडेचारला सूर्य मावळतो, बाहेर पाय घसरतात आणि तिलकनगरात रोज संध्याकाळी चार ओळखीची तोंडं बघणारी माणसं घरात कोंडली जातात. २०२७ चा उन्हाळा बरा खरा, पण निवृत्तीनंतर इतके महिने थांबायचं, तेवढ्यात कोणाचं लग्न निघतं, कोणाचा गुडघा धरतो. त्यापेक्षा मी मधला रस्ता सुचवते. बाबा ३० सप्टेंबरला मोकळे होतील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघावं आणि डिसेंबर लागता लागता परतावं. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी. दिवाळी चौघांची तिथे होईल आणि कडाक्याच्या थंडीचे महिने टळतील. व्हिसाची भेट उन्हाळ्यातच ठरवून ठेव, ऐनवेळी तारीख मिळत नाही.

ते आले की एक काम पहिल्याच दिवशी कर. रेडिएटरवरचे १ ते ५ आकडे म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे, हे बाबांना दाखव. ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि ५ वर फिरवला म्हणून खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापत राहते. सांगितलं नाहीस तर ते पाचावर ठेवतील, आणि उकडायला लागलं की खिडकी उघडतील.